मदत हवी आहे: रेडिएशन चालू असताना बाबांना काय खायला देऊ?

नमस्कार मंडळी. आम्ही मालवणचे. बाबांचं जिभेच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, आता कोल्हापूरला रेडिएशन चालू आहे. 30 पैकी 17 सिटिंग झाल्या. तोंड आतून सोलवटलंय, लाळ चिकट, चव गेलेली. आयुष्यभर तिखट कालवण-भात जेवलेला माणूस. परवा सोलकढीचा एक घोट घेतला आणि डोळ्यांत पाणीच आलं. वाटी बाजूला सारली, बोलले काही नाहीत.

वजन 62 वरून 57 किलो. आहारतज्ज्ञ म्हणाल्या, किलोमागे रोज 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रथिनं जायलाच हवीत. म्हणजे साधारण 70-85 ग्रॅम, आणि एका अंड्यात जेमतेम 6! सध्या तूप घातलेली पेज, दुधातलं नाचणीसत्त्व, आणि हळद-मीठ व नारळाच्या दुधात शिजवून मिक्सरमधून काढलेली सुरमई देतो. मासा कोमट असला तरच उतरतो. मीठ-सोड्याच्या गुळण्याही चालू आहेत.

प्रोटीन पावडर पेजेत गुठळ्या न होता कशी मिसळता? डॉक्टर नाकातून नळी सुचवतायत, बाबा नको म्हणतात. कुणाच्या घरी नळी लावली होती का? त्यांना कसं समजावलंत? कृपया सांगा, रात्री उशिरा लिहिलंत तरी वाचेन.