ब्रश दिसला की पिल्लू सोफ्याखाली

कर्वेनगरकरीण

नमस्कार. आमच्याकडे ल्हासा अप्सोचं पिल्लू आहे, नाव फुटाणा. वय पंधरा आठवडे, वजन तीन किलोच्या आतबाहेर. नवव्या आठवड्यात घरी आला तेव्हा अंगावर नुसती मऊ लव होती, त्यामुळे ब्रशचा विचारच केला नाही. आता केस वाढलेत, कानामागे गुंता व्हायला लागलाय. मागच्या रविवारी बारीक वाकड्या तारांचा ब्रश आणला, दुकानदार त्याला स्लिकर म्हणाला.

पहिल्या दिवशी नवऱ्याने पुढचे पाय धरले आणि मी ब्रश फिरवला. पाठीवर गप्प होता. कानामागे गेले आणि त्याने असा सूर लावला की वरच्या काकूंनी गॅलरीतून वाकून विचारलं, काय झालं हो? दुसऱ्या दिवशी चावला. तिसऱ्या दिवसापासून ब्रशचा ड्रॉवर उघडल्याचा नुसता आवाज आला तरी स्वारी सोफ्याखाली. सोफा जमिनीपासून चार इंच आहे आणि तिथे आमच्यापैकी कोणी शिरू शकत नाही, हे त्याला पक्कं कळलंय.

सासूबाई म्हणतात, कुत्र्याला कसली वेणीफणी. नवरा म्हणतो, रोज धरायचं, होईल सवय. रोज विंचरा असं सगळेच सांगतात, पण त्याला पटवायचं कसं ते कोणी सांगत नाही. सकाळी ८:४० ची माझी बस असते. रोखठोक सांगा.

हिंजवडी_शिफ्ट

सरळ बारीक कापून घ्या. आमच्या शिह त्झूचे दर दीड महिन्याला कापतो. कटकट मिटली.

कर्वेनगरकरीण

कापताना त्याला धरायचं कोणी, तेही सांगा.

निवृत्त_पण_निवांत_नाही

बारीक कापले तरी कंगवा सुटत नाही हो. केस पुन्हा वाढतातच, आणि कापणाऱ्याच्या टेबलावर उभं राहायलाही अंगाला हात लावून घ्यायची सवय लागते. तेव्हा ती आत्ताच लावा.

माझ्याकडे सध्या दुसरा ल्हासा आहे, अकरा वर्षांचा. पहिल्याच्या वेळी मी तुमचंच केलं. यजमान पाय धरायचे, मी ब्रश चालवायची. याला विंचरणं म्हणत नाहीत, ही अटक झाली. तो जाईपर्यंत ब्रशचा वैरी राहिला. एका पावसाळ्यात काखेत आणि छातीखाली अशा जटा झाल्या की डॉक्टरांनी मशीनने कातडीपर्यंत भादरला. खालची कातडी लाल, ओलसर, वास मारत होती. फार वाईट वाटलं मला. तो बिचारा ओरडत होता ते दुखत होतं म्हणून, आणि मी त्याला हट्टी म्हणत होते.

दुसरा आला तेव्हा माळ्यावरचा जुना पाट काढला. त्यावर योगा मॅटचा तुकडा चिकटवला, कारण पाय घसरला की पिल्लू घाबरतं आणि खापर ब्रशवर फुटतं. पहिले चार दिवस ब्रश नाहीच. पाटावर चढला की खाऊ: उकडलेल्या चिकनचा हरभऱ्याएवढा तुकडा. तुमच्याकडे चालत नसेल तर पनीर. पाटावरून उतरला की खाऊ बंद. ओढायचं नाही, रागवायचंही नाही. पाचव्या दिवशी ब्रश पाटाशेजारी नुसता ठेवला. हुंगला, खाऊ. मग ब्रशची पाठ खांद्याला टेकवली, खाऊ. आधी ब्रश, मागून खाऊ, हा क्रम सोडू नका. उलटं केलंत तर डबा उघडला की आता आपल्याला धरणार हे त्याच्या डोक्यात बसतं आणि चिकनवरूनही मन उडतं.

खरा ब्रश आठव्या-नवव्या दिवशी फिरला. एकदाच, खांद्यावरून. तो कंटाळायच्या आत आपण थांबायचं. हे भल्याभल्या कीर्तनकारांना जमत नाही, तुम्हाला जमवावं लागेल.

मग चक्का. दही फडक्यात टांगून काढलेला, बिनसाखरेचा. स्टीलच्या ताटलीला पातळ फासायचा आणि पुढ्यात ठेवायचा. चाटून होईस्तोवर तीन-चार मिनिटं जातात, तेवढ्यात माझी एक बाजू होते. पीनट बटर लावणार असाल तर बरणीवर झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात ती गोडी) लिहिलेलं नाही ना ते वाचा, कुत्र्याला ते विष आहे. बेदाणे-मनुकेही नकोत. सासूबाईंना आधीच सांगून ठेवा, शिऱ्यातला बेदाणा लाडाने हमखास दिला जातो.

हात कसा चालवायचा ते तुम्हाला येतं, फक्त आठवून बघा. शाळेच्या घाईत आई दोन वेण्या घालायची. गुंता लागला की मुळाशी केस मुठीत घट्ट धरायची आणि टोकाकडून सोडवत वर यायची, म्हणजे ओढ डोक्याला बसत नसे. घाई असली की वरून खाली फणी ओढायची आणि आम्ही किंचाळायचो. इथेही तेच. आणि अगदी कोरडे केस विंचरू नका, तुटतात. फवाऱ्याने दमट करा.

बसच्या आधीची वेळ नकोच, घाई हातात उतरते. रात्री फिरून आल्यावर करा. शिवाय चौथ्या महिन्यापासून सहा-सात महिन्यांपर्यंत दात बदलतात, हिरड्या ठणकतात. तोंडाजवळ जाल तर चावेलच. त्या दिवशी हनुवटी सोडून द्या.

कात्री_कंगवा

नऊ वर्षं ग्रूमिंग करते आहे. काकूंच्या पाटाला माझा दुजोरा.

स्लिकर आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला तुम्ही दाबता तेवढ्याच जोराने फिरवून बघा. ओरखडा उठला तर पिल्लाचं काय होत असेल ते कळेल. सध्या गोल टोकांच्या पिनांचा साधा ब्रश आणि अर्धा विरळ, अर्धा दाट असा स्टीलचा कंगवा, एवढं पुरतं. माझ्याकडे येणारे निम्मे लोक शपथेवर सांगतात की रोज ब्रश करतो, आणि ते खोटं नसतं. वरचा थर रेशमासारखा असतो, आत बोट घातलं की नमदा. ल्हासाला वर लांब केस आणि आत मऊ लोकर असते, गुंता लोकरीत होतो. केस एका हाताने वर उचलून धरायचे, खाली भांग पाडल्यासारखी कातडी दिसली पाहिजे, आणि तिथून एकेक बोटाचा थर सोडत विंचरत यायचं. शेवटी कंगवा मुळापासून टोकापर्यंत अडखळला नाही तरच झालं म्हणायचं.

कानामागची गाठ ओली करू नका. अंघोळ घातली की ती आणखी आवळते. आधी सोडवायची, मग अंघोळ. चिमूटभर कॉर्नफ्लोअर चोळून बोटांनीच तिचे दोन-चार भाग करा. कात्री अजिबात नको, गाठीबरोबर कातडीही वर आलेली असते आणि दिसत नाही. कान कापून घेऊन आलेली पिल्लं मी पाहिली आहेत.

आणि पाठीवर गप्प, कानाशीच आकांत असं असेल तर कान हुंगून बघा. वास, काळपट मळ, सारखं डोकं झटकणं, यातलं काही असेल तर ब्रश राहू दे, डॉक्टरांकडे जा.

घरात हार्नेस, म्हणजे छातीचा पट्टा, काढून ठेवत जा, काखेतला गुंता तिथूनच सुरू होतो. साधारण नऊ ते बारा महिन्यांत पिल्लाचे केस जाऊन मोठे केस येतात, तेव्हा गुंत्याचा कहर असतो. सवय त्याआधी पक्की हवी.

टेकडीवर_सहा_वाजता

लसी पूर्ण झाल्या की टेकडीवर न्यालच, म्हणून सांगतो. हे दिवस आघाड्याचे आणि कुसळाचे. वेताळ टेकडीवरून आल्यावर आमच्या पोरीच्या पोटाखाली आघाड्याची अख्खी बाग असते. पत्रीसाठी मंडईत पैसे देऊन घेतो तोच आघाडा. तो निघतो कंगव्याने. कुसळाचं तसं नाही. त्याच्यावरची लव उलटी असते, त्यामुळे ते पुढेच सरकतं आणि कातडीत घुसतं. पंजाच्या बोटांच्या बेचक्या रोज उघडून बघा. गोचीडही तिथेच सापडते. हे घरी येऊन पाट मांडायच्या आत, दारातच.

कर्वेनगरकरीण

पाच आठवड्यांनी लिहितेय, सगळ्यांचे आभार.

आधी कान. उजवा ठीक, डाव्याला आंबूस वास येत होता. डॉक्टर आत बघून संसर्ग आहे म्हणाले, थेंब दिले. म्हणजे तो बरोबर होता आणि आम्ही चूक. थेंब चालू होते तोवर त्या बाजूला गेलेच नाही.

पाट सासूबाईंनी दिला, "काय काय बघायचं राहिलंय" असं म्हणत. पहिले पाच दिवस काकूंनी सांगितलं तसं. सहाव्या दिवशी मी हाव केली. ब्रशच्या पाठीला छान गप्प होता, म्हटलं शेपटीची एक गाठ उरकून टाकू. पुन्हा सोफा. तीन दिवस मागे गेलो. नंतर मोबाईलवर एक मिनिटाचा गजर लावायला लागले आणि वाजला की हातातला केस हातात ठेवून थांबायचे. ते मला त्याच्यापेक्षा जड गेलं. दिवाळीच्या फटाक्यांत चार दिवस ब्रश काढलाच नाही, नुसता पाट आणि पनीर.

आता रात्री साडेनऊला चार-पाच मिनिटं होतात. पाठ, छाती, मागचे पाय रोज. डावा कान परवापासून, नुसत्या बोटांनी. मनगटावर स्लिकर फिरवून बघितला, लाल रेघा उठल्या, तो आता ड्रॉवरमध्ये तळाशी. नवऱ्याकडून पाय धरायचं काम काढून घेतलंय, त्याच्याकडे ताटली आहे. चक्का अर्धा तोच खातो असा मला संशय आहे.

भाऊबीजेची गंमत सांगायची राहिली. माझ्या भावासाठी तोच पाट धुऊन मांडला, भोवती रांगोळी काढली आणि निरांजन लावायला आत गेले. बाहेर येते तर रांगोळीचे पंजे फरशीभर, फुटाणा पाटाच्या मधोमध, मान वर करून बसलेला. श्रीखंडाचा चक्का घरात होताच, त्याचा वास लागला असणार. भाऊ सोफ्यावरून म्हणाला, "ओवाळ आता, तो कधीचा तयार आहे."