मदत हवी आहे: आजोबांच्या वेब्लीला गंज धरतोय

नमस्कार मंडळी, आम्ही वेंगुर्ल्याचे, घर खाडीपासून हाकेच्या अंतरावर. आजोबांचं .32 बोअरचं वेब्ली मार्क 4 रिव्हॉल्व्हर बाबांच्या पश्चात रीतसर परवान्यासह माझ्याकडे आलं. बर्मिंगहॅमची बनावट. अंगठ्याजवळची खिटी दाबली की नळी पुढे झुकते आणि मधला चांदणीच्या आकाराचा भाग सहाही पुंगळ्या एकदम वर उचलतो. कानपूरच्या सरकारी शस्त्र कारखान्याचं आजचं .32 रिव्हॉल्व्हरही याच घडणीवरून आलंय, त्यामुळे जुनं-नवं शेजारी ठेवून बघायला मला फार आवडतं.

यंदा पावसाळ्यानंतर कपाटातून काढलं तर गोळ्या भरायच्या चक्रीच्या खाचांत आणि नळीच्या डाव्या अंगाला तांबूस ठिपके! चूक माझीच, चामड्याच्या म्यानात ठेवलं होतं. चामडं ओल धरतं, हे तेव्हा ध्यानात आलं नाही.

शेजारचे काका खोबरेल लावायला सांगतात, पण ते पुढे चिकट होतं. त्यांच्या ठासणीच्या बंदुकीची गोष्टच निराळी, काळ्या दारूची काजळी गरम पाण्यानेच धुवावी लागते.

मला विचारायचंय ते असं: मूळचा निळसर-काळा थर न खरवडता हे ठिपके कसे काढावेत? पॉलिश पेपर लावायला माझा हात धजत नाही. आणि खाऱ्या हवेत ओल शोषणारं सिलिका जेल किती दिवसांनी बदलता? सिंधुदुर्ग, रत्नागिरी किंवा कोल्हापुरात जुन्या हत्यारांची जाण असलेला परवानाधारक कारागीर माहीत असेल तर कृपया कळवा.