विषारी आहे, पण खातात. मग शब्द कोणता?

तळटीप: मंडळी, एका माहितीपटाची मराठी उपशीर्षकं करतेय आणि एका साध्या शब्दावर अडलेय. विषय आहे प्रवाळखडकांत राहणारा स्टोनफिश. निवेदक सांगतो की माशांमध्ये सगळ्यांत जहाल विष याचं. दोनच मिनिटांनी ओकिनावातली खानावळ दिसते आणि हाच मासा ताटात. मी आधी लिहिलं, ‘जगातला सर्वांत विषारी मासा’. तपासणाऱ्या बाईंचा लाल शेरा आला: ‘विषारी आहे तर खातात कसा? अर्थ पुन्हा पाहा.’

अर्थ चुकलेला नाही. माशाच्या पाठीवर १३ काटे असतात आणि प्रत्येक काट्याला दोन बाजूंनी विषाच्या दोन पिशव्या. वरून पाय पडला की काट्यावरची कातडी मागे सरकते, काटा घुसतो, पिशव्या दाबल्या जाऊन विष आत जातं. मांसात विष नसतं. शिवाय ते विष प्रथिनांचं, शिजवलं की निकामी. इंग्रजीत टोचून येणाऱ्या विषाला एक विशेषण आणि खाऊन बाधणाऱ्या विषाला दुसरं. आपल्याकडे नागही विषारी आणि अळंबीही विषारी. एका ओळीत चाळीसेक अक्षरं बसतात, त्यामुळे ‘ज्याच्या काट्यांत विष असते असा’ वगैरे सुचवू नका.

शब्दवेल्हाळ: ‘विषधर’. जो विष धारण करतो तो. संपला प्रश्न.

तळटीप: विषधर म्हटलं की वाचणाऱ्याला नाग दिसतो. फणा काढलेला मासा नकोय मला.

खारं पाणी: आमच्या मालवणात हा घोळ नाहीच. केंड विषारी, खाल्लास तर मेलास. शिंगाळ्याचा काटा लागला तर माणूस रात्रभर विव्हळतो, पण शिंगाळ्याला विषारी म्हणताना मी कोणाला ऐकलं नाही. ‘तेचो काटो वायट’ एवढंच म्हणतात, आणि दुसऱ्या दिवशी त्याचंच कालवण. तुमच्या दगडाला ‘काट्याचा वाईट’ म्हणा.

दीडशहाणा: जगातला सर्वांत काट्याचा वाईट मासा. पुरस्कार मिळणार बाईंना.

माडाखालची: विखारी कसं वाटतं? गोव्यात आम्ही विषाला ‘वीख’च म्हणतो. जुन्या मराठीतही विख आहे. भाषाचं भाखा झालं तसं विषचं विख. शब्द आपलाच आहे आणि सध्या जवळजवळ रिकामा बसलाय. टोचतं ते विखारी, खाऊन बाधतं ते विषारी, अशी वाटणी करून टाका.

शब्दवेल्हाळ: रिकामा कुठे? विखारी टीका, विखारी भाषण, विखारी प्रचार. शब्द राजकारणात पूर्ण वेळ नोकरीला आहे.

माडाखालची: पण तिथेही अर्थ टोचण्याचाच आहे ना? विखारी जेवण असं कोणी म्हणत नाही. म्हणजे भाषेने वाटणी आधीच केलेली आहे, आपल्याला फक्त दिसत नव्हती.

तळटीप: हे पटतंय. पण ‘सर्वांत विखारी मासा’ वाचून लोकांना वाटेल मासा खुनशी आहे. आणि हा तर इतका आळशी की पोहायचाही कंटाळा. छातीच्या परांनी वाळू उकरून अर्धा गाडून घेतो आणि पडून राहतो. अंगावर शेवाळ वाढतं, तरी हलत नाही.

पेशीभित्तिका: आळशी म्हणू नका हो, बिचारा कामावर असतो. छोटा मासा किंवा कोळंबी तोंडाच्या टप्प्यात आली की जबडा उघडतो आणि पाण्यासकट आत ओढतो. साधारण ०.०१५ सेकंदाचा मामला. दुसरं म्हणजे काटे शिकारीसाठी नसतातच. ते फक्त बचावाला. त्यामुळे ‘विषाने शिकार करतो’ असं काही लिहिलं असेल तर आधी ते खोडा.

आणखी एक. २०१८ साली अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की या कुळातल्या माशांना डोळ्याखाली एक हाडाचं पातं असतं, आडवं बाहेर काढून अडकवता येणारं. इंग्रजीत त्याला ‘अश्रूच्या हाडाची तलवार’ अशा अर्थाचं भारदस्त नाव दिलंय. मी वर्गात ‘डोळ्याखालचा रामपुरी’ म्हणते, पोरं विसरत नाहीत.

दीडशहाणा: रामपुरी! यावर वेगळा धागा काढा.

बोरिवली फास्ट: मूळ मुद्द्यावर थोडं. संस्कृतात विषारि म्हणजे विष अधिक अरि, विषाचा शत्रू. म्हणजे उतारा! आपण विषारी म्हणून जो शब्द वापरतो तो नेमका उलटा आहे. निदान आपण तरी शुद्ध वापरू.

शब्दवेल्हाळ: अहो, तो ऱ्हस्व ‘रि’ आणि हा दीर्घ ‘री’. मराठीतला विषारी वेगळ्या वाटेने आलाय. तुमच्या न्यायाने उद्या बाटलीवर ‘विषारी’ लिहिलेलं औषध लोक उतारा म्हणून पितील.

बोरिवली फास्ट: मी फक्त व्युत्पत्ती सांगितली.

शब्दवेल्हाळ: व्युत्पत्ती नव्हे, योगायोग सांगितलात.

खारं पाणी: तुमचं चालू द्या. मला वाटतं विशेषण शोधण्यातच चूक आहे. आपली भाषा हा फरक क्रियापदात ठेवते. अन्न ‘बाधतं’. काटा ‘लागतो’. फुरसं ‘चावतं’. आमच्याकडे साप चावला तर त्याचं नाव घेत नाहीत, ‘पान लागलं’ म्हणतात. तिथेही लागणंच. आणि बघा, ‘त्याला काटा लागला’ या वाक्यात मासा कुठेच नाही. मासा काही करत नाही, पडून आहे, पाय माणसाने ठेवलाय. इंग्रजी निवेदक म्हणत असेल की मासा ‘डंख मारतो’. मराठीत तसं लिहिलं तर खोटं होईल.

तळटीप: निवेदक खरंच तसं म्हणतो, आणि मी ‘दंश करतो’ लिहून मोकळी झालेय. आता बदलते.

माडाखालची: दंश म्हणजे दातांनी. मधमाशीचा दंशही चूकच, पण रूढ झाला.

दीडशहाणा: आणि विंचू? नांगी शेपटीला, तरी अख्खा महाराष्ट्र ‘विंचू चावला’ म्हणतो. एकनाथांच्या भारुडातही चावतोच. नाथांना शेरा मारणार का कोणी?

शब्दवेल्हाळ: नाथांना रूपक साधायचं होतं, प्राणिशास्त्र नव्हे. माहितीपटाला ती सवलत नाही.

दीडशहाणा: लोकांनी चारशे वर्षं वापरलेला शब्द सवलतीवर चालत नसतो.

खारं पाणी: लागण्यावरून आठवलं. लहानपणी शिंगाळ्याचा काटा तळव्यात गेला, तेव्हा आजीने पाय कढत पाण्याच्या घमेल्यात धरून ठेवला होता. काट्यापेक्षा पाण्यानेच जास्त बोंबललो. स्टोनफिशलाही हेच करतात का?

पेशीभित्तिका: हेच. साधारण ४५ अंशांचं पाणी, सोसेल एवढंच गरम, तासभर तरी. वेदना उतरते. पण इथे आजीवर थांबायचं नाही, दवाखाना गाठायचाच. ऑस्ट्रेलियात याच्यावरचं प्रतिविष १९५९ पासून आहे, घोड्यांच्या रक्तापासून केलेलं. आपल्याकडे परळच्या हाफकिनमध्ये सापाच्या विषावर घोड्यांकडूनच औषध करून घेतात तसंच.

बोरिवली फास्ट: प्रतिविष की विषरोधक? आमच्या गावाकडे ‘सापाची लस’ म्हणतात.

पेशीभित्तिका: लस म्हणू नका. लस आधी देतात, हे नंतर.

बोरिवली फास्ट: म्हणतात त्याला मी काय करू?

तळटीप: जाता जाता अजून एक अडचण. मासा दगडासारखा दिसतो त्याला मी ‘छद्मावरण’ लिहिलंय. तोंडात बसत नाही.

शब्दवेल्हाळ: उत्तम शब्द आहे. बदलू नका.

माडाखालची: ‘खडकात बेमालूम मिसळतो’ म्हणा की. कुणालाही समजतं.

शब्दवेल्हाळ: बेमालूम फारसी.

माडाखालची: हो, आणि तुम्ही वर लिहिलेला ‘सवलत’ कुठला?

दीडशहाणा: 😄

पेशीभित्तिका: नावाबद्दलही ठरवा. १८०१ मध्ये दिलेल्या शास्त्रीय नावातला ‘व्हेरुकोसा’ म्हणजे चामखिळींनी भरलेला. जपानीत ‘ओनी-दारुमा-ओकोझे’. ओनी म्हणजे राक्षस, दारुमा ती गोल लाल बाहुली, आणि ती बाहुली म्हणजे आपल्याकडून गेलेला बोधिधर्म. त्यामुळे या माशाच्या जपानी नावात ‘धर्म’ हा शब्द झिजून बसलाय. लक्षद्वीप-अंदमानातही हा आहे, पण मराठी नाव मला माहीत नाही.

शब्दवेल्हाळ: पाषाणमीन.

खारं पाणी: पाषाणमीन मागितला तर बाजारात कोळीण पाट्यावरून पाणी मारेल अंगावर. दगडमासा म्हणा.

दीडशहाणा: धोंड्या! काही करत नाही, पडून असतो, वाटेत आला तर ठेच लागते. आमच्या चुलतआजोबांचं नाव धोंडू होतं, वर्णन तंतोतंत.

तळटीप: फाइल काल रात्री पाठवली. ‘काट्यांत सर्वांत जहाल विष असलेला मासा’ लिहिलं, ओळ दोन तुकड्यांत तोडली. आज सकाळी शेरा आला: ‘जहाल हा शब्द राजकीय वाटतो. विषारी का नको?’

शब्दवेल्हाळ: मी पहिल्याच दिवशी विषधर म्हटलं होतं.

माडाखालची: आणि मी विखारी.

खारं पाणी: केंडाला घाटावर काय म्हणतात हो?