झोनिंग शहराचे, मग राज्याचा कायदा मध्ये कसा?

प्रश्न

अमेरिकेत झोनिंग, म्हणजे कोणत्या जमिनीवर काय बांधता येईल याचे नियम, शहरे ठरवतात, असे आजवर वाचत आलो. मात्र कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने २०२१ मध्ये 'एसबी ९' हा कायदा करून, एकाच घरासाठी राखलेल्या भूखंडावर दोन घरे बांधण्याची आणि भूखंडाचे दोन भाग करण्याची मुभा परस्पर दिली. राज्याला हा अधिकार कुठून मिळतो, आणि शहराने सहकार्य केले नाही तर अशा कायद्याला काही अर्थ उरतो का?

प्रतिसाद १

तो अधिकार मुळात राज्याचाच आहे. अमेरिकेच्या राज्यघटनेत शहरांचा उल्लेखही नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात राज्यांनी कायदे करून झोनिंगचा अधिकार शहरांकडे सोपवला, आणि १९२६ मध्ये ओहायोतील युक्लिड गावाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने झोनिंग वैध ठरवले. जे सोपवले त्याला मर्यादाही घालता येते. ओरेगॉनने २०१९ मध्ये दहा हजारांहून अधिक वस्तीच्या शहरांना एकाच घरासाठी राखलेल्या भूखंडांवर जोडघरांना परवानगी देणे भाग पाडले, ते याच आधारावर.

प्रतिसाद २

वरील उत्तर बरोबर आहे, पण कॅलिफोर्नियापुरती एक पुस्ती जोडतो. तेथे स्वतःची सनद (शहराच्या कारभाराचा स्वतःचा मूलभूत कायदा) असलेल्या शहरांना 'नगराच्या कारभारात' कॅलिफोर्नियाच्या राज्यघटनेनेच स्वायत्तता दिली आहे. त्याच आधारे पाच शहरे न्यायालयात गेली आणि २०२४ मध्ये लॉस एंजेलिसच्या न्यायालयाने त्यांच्यापुरता 'एसबी ९' अवैध ठरवला.

प्रतिसाद ३

प्रश्नाचा दुसरा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण खरी ओढाताण अधिकारावरून होत नाही, ती तपशिलांवरून होते. 'एसबी ९' नुसार नियमांत बसणारा अर्ज जनसुनावणीशिवाय मंजूर व्हायला हवा, प्रत्येक घर किमान ८०० चौरस फुटांचे होऊ द्यायला हवे, आणि बाजूची व मागची मोकळी जागा चार फुटांहून अधिक मागता येत नाही. हे आकडे कायद्यातच का लिहिले, असे कोणाला वाटेल. न लिहिल्यास शहर उंची, अंतर आणि वाहनतळाच्या अटी अशा बेताने घालते की परवानगी कागदावर राहते आणि घर मात्र उभे राहत नाही. वुडसाइड या श्रीमंत गावाने तर २०२२ च्या आरंभी संपूर्ण गाव पहाडी सिंहाचा अधिवास, म्हणून कायद्यातून वगळलेला भाग, असल्याचे सांगून कायदा टाळू पाहिला होता (सिंहांना कोणी विचारले नसावे), आणि राज्याच्या महाधिवक्त्यांनी तंबी दिल्यावर ती भूमिका मागे घेतली.

भूखंड विभागताना मालकाने तीन वर्षे तेथेच राहण्याचा इरादा शपथेवर सांगावा, ही अट मात्र विधिमंडळाने स्वतःच घातली. माझ्या मते तिच्यामुळेही अनेक मालक मागे हटतात.

मूळ प्रश्नकर्ता

आभारी आहे. मग अशा पळवाटा पुढे बुजवल्या गेल्या का?

प्रतिसाद ३

काही प्रमाणात. 'एसबी ४५०' या दुरुस्तीने १ जानेवारी २०२५ पासून अर्जावर ६० दिवसांत निर्णय बंधनकारक केला. मुदत टळल्यास अर्ज मंजूर समजला जातो.