सामू 8.4 असलेल्या जमिनीत गंधकावर काम करणारे जिवाणू टिकतात का? मदत हवी आहे

नमस्कार. आमची अडीच एकर भारी काळी जमीन चुनखडीयुक्त असून माती परीक्षणात सामू 8.4 आणि मुक्त चुना 9 टक्के आला. तो उतरावा म्हणून रब्बी कांद्याच्या लागवडीच्या वेळी एकरी 10 किलो बेंटोनाइट गंधक (बेंटोनाइट या फुगणाऱ्या चिकणमातीत मिसळून दाणे केलेले गंधक) वरून टाकले. काढणीनंतर पुन्हा तपासले, तर सामू जिथल्या तिथे, आणि वाफ्यात काही पिवळे दाणे तसेच पडलेले.

मुळांना मूळ रूपातील गंधक घेता येत नाही, जिवाणूंनी हवेतील ऑक्सिजनच्या साहाय्याने त्याचे सल्फेट केल्यावरच ते पिकाला मिळते आणि त्या क्रियेत सल्फ्युरिक आम्ल तयार होते, हे मला माहीत आहे. विक्रेते आता अ‍ॅसिडिथायोबॅसिलस थायोऑक्सिडन्सचे जिवाणू खत घ्यायला सांगत आहेत. परंतु वाक्समन आणि जॉफी यांनी 1922 मध्ये वर्णन केलेला हा जिवाणू साधारण 5.5 पेक्षा कमी सामूतच वाढतो. मग आमच्या मातीत तो काय करणार? की गंधकाची मात्राच वाढवावी? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद:

आपली शंका रास्त आहे; ते जिवाणू खत घेऊ नये. मात्रेचा हिशेबही करून पाहावा. 32 किलो गंधकापासून 98 किलो आम्ल होते आणि ते 100 किलो चुना विरघळवते, म्हणजे आपल्या 10 किलोंनी जेमतेम 31 किलो चुना संपला असता. एकरातील वरच्या 15 सेंटिमीटर मातीचे वजन सुमारे 9 लाख किलो धरले, तर तिच्यात 81,000 किलो चुना आहे. सामू उतरवण्याचा नाद सोडावा. कांद्याचे अन्न म्हणून मात्र गंधक जरूर द्यावे.

अशा मातीत हे काम थायोबॅसिलस थायोपॅरससारखे उदासीन सामूत वाढणारे जिवाणू, तसेच सेंद्रिय पदार्थांवर जगणारे इतर जिवाणू व बुरशी करतात, आणि ते तिथे आधीपासून असतात. गंधक पाण्यात विरघळत नसल्यामुळे जिवाणूंना कणाच्या पृष्ठभागावरूनच ते खावे लागते. बेंटोनाइट ओलाव्याने फुगून दाणा फुटला तरच हा पृष्ठभाग वाढतो. आपले दाणे कोरड्या थरावर राहिले असावेत, त्यात थंडीने जिवाणूंचे काम मंदावते. पुढच्या वेळी लागवडीच्या तीन-चार आठवडे आधी शेणखताबरोबर मातीत मिसळून हलके पाणी द्यावे. पाणी साचू देऊ नये, कारण हवा संपली की डिसल्फोव्हिब्रिओसारखे जिवाणू त्याच सल्फेटचे हायड्रोजन सल्फाइड करतात आणि मातीला कुजक्या अंड्यासारखा वास येतो. उभ्या पिकाला तातडीने गंधक हवे असल्यास अमोनियम सल्फेट द्यावे. त्यातील गंधक मुळांना लगेच घेता येते.