अनुदानासाठी दिलेला डीपीआर (प्रकल्पाचा सविस्तर अहवाल) शेजारच्या तालुक्यात निघाला. कंपनीची माहिती सरकारी यंत्रणेनं किती झाकायची?

संत्रापट्टा
आमची शेतकरी उत्पादक कंपनी वरूड तालुक्यात आहे, नाव सांगत नाही. ग्रेडिंग-वॅक्सिंग, म्हणजे फळाची प्रतवारी आणि मेणाचा लेप, आता सगळेच करतात. आम्ही प्रतवारीत बाजूला निघालेल्या बारीक फळाची साल वाळवून पावडर करतो. बांगलादेशानं आयात शुल्क वाढवत नेलं, बारीक मालाला कोणी विचारेना, त्यातून हे सुचलं. सालीचा तुकडा केवढा हवा, किती तापमानाला किती तास ठेवायचा, किती ओलावा राहिला तर घेणारा माल परत पाठवतो, हे जमवताना बराच माल उकिरड्यावर गेला.

मग एका शासकीय योजनेत अनुदानासाठी अर्ज केला. डीपीआर लागतो आणि तो त्यांच्या यादीतल्या सल्लागाराकडूनच करून घ्यायचा असतो. त्यानं मागितलं ते सगळं दिलं: खरेदीदाराचं पत्र, दर, वाळवणीचा तक्ता, मशीनची कोटेशनं. यंदा शेजारच्या तालुक्यातल्या एका कंपनीचा डीपीआर बँकेत ओळखीच्या माणसाच्या टेबलावर पाहण्यात आला. आमच्या डीपीआरात टाईप करणाऱ्यानं ‘ट्रे ड्रायर’चं ‘ट्रे ड्रायव्हर’ करून ठेवलं होतं. त्यांच्याकडेही ट्रे ड्रायव्हरच! खाली आमचाच खरेदीदार आणि आमचाच दर, किलोमागे दोन रुपयांनी कमी केलेला.

माझं म्हणणं सरळ आहे. कंपनीनं विकासाच्या योजनेसाठी सरकारी यंत्रणेला दिलेली व्यवसायाची माहिती मुळातच गोपनीय धरावी. माहितीच्या अधिकारात कोणी मागो की कार्यालयात येऊन मागो, कंपनीनं लेखी होकार दिल्याशिवाय कागद बाहेर जाऊ नये. पटतं का?

नागपुरी_तर्री
संत्र्याची साल वाळवायची त्यात कसलं गुपित बे? आमची आजी गच्चीवर वाळवायची, उटण्यात टाकायची.

संत्रापट्टा
आजीची साल कोणी टनावारी घेतली नाही. एकसारखा रंग आणि ठरलेला ओलावा महिनोन् महिने देता आला तरच घेणारा टिकतो. गुपित साल वाळवण्यात नाही, ती कोण घेतो, काय भावानं घेतो आणि कशामुळे नाकारतो, यात आहे.

दहा_रुपयांचा_अर्ज
संत्रापट्टा, तुमचं नुकसान खरं आहे, पण तुम्ही आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी करून राहिले. तुमचा कागद माहितीच्या अधिकारात गेला का? नाही. तो सल्लागाराच्या पेन ड्राइव्हमधून गेला. आणि टाच आणायला निघालात माहितीच्या अधिकारावर.

मी यवतमाळकडचा. तालुक्याच्या औद्योगिक वसाहतीत कोणाला प्लॉट दिले, त्यातल्या किती जणांनी उत्पादन सुरू केलं आणि किती प्लॉटांवर नुसती तरोटा-गाजरगवत आहे, एवढंच विचारलं होतं. उत्तर आलं, ‘त्रयस्थ पक्षाची वाणिज्यिक माहिती, देता येत नाही.’ गाजरगवताचं कोणतं व्यापारी गुपित असतं हो? माहिती अधिकार कायदा २००५ चं कलम ४ काढून वाचा. अनुदानाच्या कार्यक्रमातले लाभार्थी आणि रक्कम, सवलती-परवाने कोणाला दिले त्याचा तपशील, हे कार्यालयानं कोणी न मागता स्वतःहून प्रसिद्ध करायचं असतं. तुम्ही म्हणता तसं ‘सगळं मुळातच गोपनीय’ केलं तर हे सगळं कुलपात जाईल, आणि तुमचा सल्लागार मात्र तसाच हिंडेल.

आणखी एक. २००७ मध्ये केंद्रीय माहिती आयोगानं जीएम (जनुकीय बदल केलेल्या) पिकांच्या विषारीपणाच्या आणि अॅलर्जीच्या चाचण्यांची माहिती उघड करायला सांगितली, तेव्हाही व्यापारी गुपिताचंच कारण पुढे आलं होतं. ती माहिती बाहेर आली म्हणून इतर शास्त्रज्ञांना तपासता आली. २०१० च्या सुरुवातीला बीटी वांग्यावरची, म्हणजे अशाच एका पिकावरची, सुनावणी आपल्या नागपुरातही झाली आणि फेब्रुवारीत त्या वांग्याला स्थगिती आली. गुपित मानून बसले असते तर?

संत्रापट्टा
वांग्याच्या विषाची चाचणी आणि माझ्या खरेदीदाराचा दर एका पारड्यात टाकू नका. लोकांच्या पोटात जाणाऱ्या गोष्टीची माहिती लोकांना हवी, मान्य. माझी पावडर सुरक्षित आहे की नाही तेही विचारा, परवाना दाखवतो. भाव कशाला पाहिजे? उद्या व्यापारीच कोणाच्या तरी नावानं दहा रुपयांचं तिकीट लावून अर्ज करेल. कायद्यात अर्जदाराला कारणही विचारता येत नाही.

निवृत्त_फाईलवाला
जिल्हा उद्योग केंद्रात हयात गेली, म्हणून थोडं लिहितो. दोघांनीही कायदा अर्धाच सांगितला.

कलम ८(१)(घ) मध्ये व्यापारी गुपित आहे, पण मोकळं सोडलेलं नाही. माहिती दिल्यानं त्या कंपनीच्या स्पर्धेतल्या स्थानाला धक्का बसेल अशी असेल तर ती नाकारता येते. आणि व्यापक जनहित मोठं आहे अशी सक्षम प्राधिकाऱ्याची खात्री झाली तर तीही द्यावी लागते. गाजरगवतवाल्या प्लॉटची यादी यात बसत नाही. ते उत्तर लिहिणाऱ्यानं अपील होणार नाही असा हिशोब केला असणार. प्रथम अपील करा, नाही जमलं तर अमरावतीला राज्य माहिती आयोगाचं खंडपीठ आहे.

आता संत्रापट्टा. कलम ११ नुसार त्रयस्थ पक्षानं दिलेली आणि त्यानं गोपनीय मानलेली माहिती कोणी मागितली, तर जन माहिती अधिकाऱ्यानं पाच दिवसांत त्या पक्षाला लेखी कळवायचं. पक्षाला म्हणणं मांडायला दहा दिवस. अर्ज आल्यापासून चाळीस दिवसांत निर्णय. तुमचं म्हणणं ऐकायचं, पण तुमचा होकार बंधनकारक नाही, आणि नसावाही. खरी मेख ‘गोपनीय मानलेली’ यात आहे. माझ्या टेबलावर आलेल्या अर्जांत एकानंही दर-खरेदीदाराचं पान वेगळं करून त्यावर तसं लिहिलेलं मला आठवत नाही. सगळं एकाच स्पायरल बाइंडिंगमध्ये. मोठ्या कंपन्यांचं उलट. त्यांच्या प्रत्येक पानाच्या तळाशी ‘गोपनीय’, अगदी कारखान्याच्या पत्त्याच्या पानावरसुद्धा. दोन्हींनी कारकुनाचं काम सोपं होतं: एकाचं सगळं देऊन टाकायचं, दुसऱ्याचं सगळं नाकारायचं. कलम १० प्रमाणे झाकायचं तेवढं झाकून बाकीचं देण्याचे कष्ट कोण घेतो?

प्रतींचं म्हणाल तर एक बँकेला, एक तांत्रिक छाननीला, एक समितीच्या बैठकीला, एक वरच्या कार्यालयाला, आणि झेरॉक्सवाल्याकडे सॉफ्ट कॉपी राहते ती वेगळीच. बैठक संपली की प्रती टेबलावरच पडून असतात. उलट जे लोकांनी वाचायला ठेवलेलं असतं त्याला कोणी हात लावत नाही. २००६ च्या ईआयए (पर्यावरणावरच्या परिणामांचं मूल्यांकन) अधिसूचनेप्रमाणे जनसुनावणीआधी प्रकल्पाचा मसुदा अहवाल जिल्हाधिकारी, जिल्हा परिषद आणि जिल्हा उद्योग केंद्रात ठेवावा लागतो. हे जाडजूड अहवाल कपाटावर धूळ खात असायचे.

नागपुरी_तर्री
एक मिनिट. संत्रापट्टा भाऊ, तुम्ही दुसऱ्या कंपनीचा डीपीआर बँकेतल्या टेबलावर वाचला, तो कोणत्या कलमाखाली?

संत्रापट्टा
समोर उघडा पडला होता.

नागपुरी_तर्री
तुमचाही असाच कोणाच्या तरी समोर उघडा पडला असंल.

टॅलीवाली
शेतकरी कंपन्यांचं सेक्रेटरिअल काम करते, अमरावती. ताळेबंद, नफा-तोटा, संचालकांची नावं हे गुपित आहे असं समजणाऱ्यांसाठी: कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर शंभर रुपये भरले की कोणत्याही कंपनीचे दाखल कागद पाहता येतात. तेव्हा ‘आमची उलाढाल सांगू नका’ हा आग्रह सोडा. झाकण्यासारखं फार थोडं उरतं: खरेदीदार, दर, प्रक्रिया. आणि नेमकं तेच तुम्ही बिनदिक्कत ई-मेल केलंत, तेही सल्लागाराच्या खासगी पत्त्यावर.

भारतात व्यापारी गुपितांसाठी वेगळा कायदा नाही. विधी आयोगानं मार्च २०२४ च्या २८९ व्या अहवालात तो करावा असं सुचवलं आहे. तोवर १८७२ चा करार कायदा आणि हातातला कागद. सल्लागाराशी केलेल्या करारात फी, हप्ते, मुदत सगळं असतं, ‘मिळालेली माहिती दुसऱ्या कामात वापरणार नाही’ ही एक ओळ नसते. ती घाला. सल्लागार यंत्रणेच्या यादीतला असेल तर यंत्रणेलाही लेखी मागा की त्याच्या नेमणुकीच्या अटींत हे आहे का. आहे म्हणाले तर तक्रारीला जागा मिळते, नाही म्हणाले तर तोच तुमचा मुद्दा.

संत्रापट्टा
तालुक्याच्या ठिकाणी सल्लागाराला अटी घालून दाखवा मॅडम. फाईल पुढे सरकवणारा तोच असतो. अट घातली की फाईलीत त्रुटी निघायला सुरुवात होते.

टॅलीवाली
हे मात्र खरं आहे. म्हणून एकट्यानं नको. जिल्ह्यातल्या पाच-सहा कंपन्यांनी एकाच मसुद्यावर सही करून दिली तर त्याला कोणाकोणाला टाळता येईल? आणि खरेदीदाराचं नाव मूल्यांकनासाठी कितपत लागतं हेही विचारा. ‘नागपूरचा प्रक्रिया उद्योग, मूळ पत्र पडताळणीसाठी दाखवले’ एवढ्यावर भागायला हरकत नसावी.

मोहफूल
मी गडचिरोली जिल्ह्यातल्या महिला गटाची. आम्ही मोहाचे लाडू, मनुके करतो. आमच्याकडे माहिती फुटत नाही, साजरी केली जाते. साहेब भेटीला आले, फोटो काढले, आणि संध्याकाळी यशोगाथा ग्रुपवर: गटाचं नाव, महिन्याची विक्री, माल कुठं जातो, अध्यक्षाचा मोबाईल नंबर. आठवडाभरात एक व्यापारी थेट आमच्या दुकानदाराकडे पोचला.

पण खरं सांगायचं तर त्याच यशोगाथेमुळे नागपूरच्या प्रदर्शनात स्टॉल मिळाला आणि तिथून दोन कायमचे गिऱ्हाईक जोडले. आमच्यासारख्यांना कोण ओळखतं? संत्रापट्टा म्हणतात तसा नियम झाला तर मोठी कंपनी गुपितं सांभाळून बसेल आणि आमचं नावही कुठं येणार नाही. आधी दाखवायचं, काय टाकू काय नको विचारायचं, मग टाकायचं. त्यासाठी नवीन कायदा कशाला पाहिजे? एक फोन पुरतो.

दहा_रुपयांचा_अर्ज
मोहफूल ताईंचं पटलं. फरक एवढाच करा: पैसा कोणाला, किती, कशासाठी आणि त्याचं काय झालं, हे उघड. माल कोणाला आणि काय भावानं, हे झाकलेलं. जागतिक बँकेच्या पैशावर चालणारा राज्याचा स्मार्ट हा कृषी-व्यवसाय प्रकल्प असो की राज्याचं स्वतःचं प्रोत्साहन पॅकेज, दोन्हीला चालेल. जागतिक बँकेच्या २०१० च्या माहितीविषयक धोरणातही दुसऱ्यानं विश्वासानं दिलेल्या माहितीला अपवाद आहेच.

संत्रापट्टा
किती मिळालं ते लपवायचं मी कधीच म्हटलं नाही.

धुऱ्यावरचा
मी अशाच एका कंपनीचा भागधारक हाओ. कोणत्या ते मी बी नाई सांगत. दहा शेअर हायेत माये. तुम्ही सगळे व्यापाऱ्यापासून गुपित, सरकारपासून गुपित, अर्जवाल्यापासून गुपित असं बोलून राहिले. मले सांगा, भागधारकापासून काहून गुपित? आमच्या संचालकाले इचारलं का बाप्पा माल कोणाले इकला, त म्हणते ‘ते गोपनीय हाय’. मशीन केवढ्याची आली इचारलं, तेबी गोपनीय. कोटेशन तीन लागते म्हणते, तिन्ही कोटेशनं एकाच घरातली असली त आमाले कसं समजंल? अनुदान आलं तवा फोटोत आमाले उभं केलं, हिशोबाच्या येळी गोपनीय. अन व्यापाऱ्याले आमच्याआधी सारं ठाऊक रायते. संत्रापट्टा भाऊ, तुमच्या भागधारकाले तुम्ही दर सांगतले का?

संत्रापट्टा
सातशेच्या वर सभासद आहेत. सातशे जणांना दर सांगितला तर तो गुपित राहील का? त्यातल्या निम्म्यांचा बगीचा व्यापारीच घेतो.

धुऱ्यावरचा
म्हणजे सल्लागारावर भरोसा ठेवला, आमच्यावर नाई. सल्लागारानंच दगा देल्ला न?

निवृत्त_फाईलवाला
प्रश्न बिनतोड आहे.

टॅलीवाली
यात दोन्ही बाजूंना थोडं सरकावं लागेल. प्रत्येक खरेदीदाराचा दर प्रत्येक सभासदाला देण्याची गरज नाही, वर्षाची सरासरी विक्री किंमत, मशीनची खरेदी रक्कम आणि कोणाकडून घेतली हे मात्र सभासदांपुढे आलंच पाहिजे. मशीनमध्ये सरकारचा पैसा आहे, तिची किंमत कोणापासूनच गुपित असू शकत नाही. तशी एकाच घरातली कोटेशनं माझ्यासमोर आली तर मीही विचारीन.

संत्रापट्टा
मशीनचं बिल दाखवायला मला काही अडचण नाही. खरेदीदाराचं नाव सभेत घेणार नाही, तुम्ही काहीही म्हणा. आणि सल्लागाराच्या करारात ती ओळ घालायला मोर्शी-वरूडच्या किती कंपन्या तयार आहेत, त्यांनी मला मेसेज करा. आमची आमसभा सप्टेंबरात आहे, तिथं ठराव मांडतो.

धुऱ्यावरचा
नोटीस कागदावर पाठवा म्हणा सगळ्यायले. मागच्या साली आमच्या कंपनीची व्हॉट्सअॅपवर आली, सभेच्या आदल्या राती.

टॅलीवाली
लेखी, किमान चौदा दिवस आधी, विषयपत्रिका आणि हिशोबासकट. हे गोपनीय नाही.