निकालानंतर शेजाऱ्यांशी काय बोलणं झालं? अनुभव लिहा

मंडळी, 3 नोव्हेंबर 2026 ला अमेरिकेत मध्यावधी निवडणूक आहे, म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या मुदतीच्या मधोमध येणारी काँग्रेसची (इथल्या संसदेची) ठरलेली निवडणूक. न्यू जर्सीतल्या आमच्या गल्लीत आत्तापासून एकच चर्चा चालू आहे. प्रतिनिधिगृह डेमोक्रॅट्सनी घेतलं तर राष्ट्राध्यक्ष एका पक्षाचा आणि सभागृह दुसऱ्याचं, म्हणजे विभागलेलं सरकार, मग पुढची दोन वर्षं कशी जाणार? समोरच्या आजोबांना हेच हवंय, सगळी सत्ता एका हाती नको म्हणतात. त्यांची शिक्षिका लेक म्हणते, मग कुठलंच काम पुढे सरकत नाही.

भारतातून आल्यावर मला हे उमगायला बराच काळ लागला. महाराष्ट्रात बहुमत गेलं की सरकार जातं. इथे सरकार पडत नाही, अडतं. 2010 मध्ये रिपब्लिकनांनी प्रतिनिधिगृहात 63 जागा जास्त मिळवून ओबामांसमोर भिंत उभी केली, तेव्हा मी इथे नवी होते. पुढच्या उन्हाळ्यात कर्जमर्यादेवरून, म्हणजे सरकारने किती कर्ज काढायचं यावरून, ओढाताण झाली. तडजोड झाली ती अगदी शेवटच्या दिवशी, 2 ऑगस्ट 2011 ला. तरीही तीन दिवसांनी स्टँडर्ड अँड पुअर्सने अमेरिकेचं पतमानांकन इतिहासात पहिल्यांदाच खाली आणलं. निवृत्तीचे पैसे बाजारात असलेले आजोबा त्या आठवड्यात माझ्याशी नीट बोललेसुद्धा नाहीत.

कोणता पक्ष चांगला, यावर इथे वाद नको. आधीच्या अशा एखाद्या निकालानंतर तुमच्या शेजाऱ्यांशी काय बोलणं झालं आणि त्या निकालाचं पुढे तुमच्या घरापर्यंत काय आलं, ते मनापासून लिहा.

ग्रीनबेल्ट, मेरीलँड

2018 चा नोव्हेंबर. प्रतिनिधिगृह डेमोक्रॅट्सनी जिंकलं, सिनेट रिपब्लिकनांकडे राहिली. आमच्या शेजारी एक निवृत्त सैनिक राहतात, ट्रम्प यांचे पक्के मतदार. कुंपणापाशी भेटले तेव्हा म्हणाले, "मेक्सिको सीमेवरच्या भिंतीचे पैसे आता मिळत नाहीत. पण एकमेकांवर वचक राहील, तेही वाईट नाही."

22 डिसेंबरला शटडाउन, म्हणजे खर्चाला मंजुरी नाही म्हणून सरकारी कामकाज बंद, सुरू झालं आणि 35 दिवस चाललं. लोक सरसकट म्हणतात की विभागलेल्या सरकारमुळे ते झालं. ते सुरू झालं तेव्हा दोन्ही सभागृहं रिपब्लिकनांकडेच होती, नवं प्रतिनिधिगृह 3 जानेवारीला बसलं. सिनेटमध्ये खर्चाच्या विधेयकाला 100 पैकी 60 मतं लागतात, त्यामुळे अल्पमतातला पक्षही गाडी अडवू शकतो. 2025 चं 43 दिवसांचं शटडाउनही सगळी सत्ता एकाच पक्षाकडे असतानाच झालं.

मी सरकारी कंत्राटावर काम करणाऱ्या एका कंपनीत होतो. सरकारी नोकरांना राहिलेला पगार नंतर मिळाला, कंत्राटी लोकांना नाही. जानेवारीत मोठा बर्फ पडला तेव्हा आमचा ड्राइव्हवे त्या सैनिक शेजाऱ्यांनीच साफ केला. आत येऊन चहा घेताना म्हणाले, "भिंत मला अजूनही हवी आहे. पण तुझा पगार थांबावा म्हणून मी मत दिलं नव्हतं." मग माघार कोणी घ्यायची, असं मी विचारलं. त्यांना सांगता आलं नाही, आणि खरं तर मलाही आलं नसतं.

फ्रिस्को, टेक्सस

मला मत नाही, मी ग्रीन कार्डच्या रांगेत आहे. दर निवडणुकीला शेजारीण विचारते, "मत दिलंस का?" आणि दर वेळी मी तिला ही रांग समजावून सांगते. नोकरीवर मिळणाऱ्या ग्रीन कार्डांत कुठल्याही एका देशाला साधारण 7 टक्क्यांहून जास्त वाटा मिळत नाही, म्हणून भारतीयांची रांग पुढे सरकतच नाही.

ही मर्यादा उठवणारं विधेयक जुलै 2019 मध्ये डेमोक्रॅट्सच्या प्रतिनिधिगृहात 365 विरुद्ध 65 मतांनी पास झालं. डिसेंबर 2020 मध्ये रिपब्लिकनांच्या सिनेटनेही ते एकमताने पास केलं. पण मसुदा वेगळा! दोन मसुदे जुळायच्या आत काँग्रेसची मुदत संपली आणि विधेयक बारगळलं. शेजारीण कट्टर रिपब्लिकन आहे. हे ऐकून ती खरोखर चिडली. "दोघांनाही हवं होतं, मग अडलं कुठे?" त्यानंतर तिने आपल्या सिनेटरच्या कार्यालयात स्वतःहून फोन केला. माझ्यासाठी तेवढं कोणी केलं, याचं मोल मला फार आहे.

बर्लिंग्टनजवळ, व्हर्माँट

थोडक्यात लिहितो. आमच्याकडे गव्हर्नर फिल स्कॉट रिपब्लिकन, विधिमंडळ डेमोक्रॅट्सचं, आणि माझे बहुतेक शेजारी दोघांनाही मत देतात. 2024 मध्ये मालमत्ता कर भडकला तेव्हा त्याच शेजाऱ्यांनी डेमोक्रॅट्सचं, गव्हर्नरचा नकाराधिकार मोडण्याइतकं बहुमत काढून घेतलं. भांडण नाही, आरडाओरडा नाही. अशी समजूतदार माणसं मला आवडतात.

मॉन्टगोमेरी काउंटी, पेनसिल्व्हेनिया

2022 मध्ये आमच्या राज्याचं प्रतिनिधिगृह डेमोक्रॅट्सकडे गेलं, 102 विरुद्ध 101. सिनेट रिपब्लिकनांकडेच राहिली. निकाल लागला तेव्हा मला हे फार रोमांचक वाटलं होतं. शेजारीण महिलांच्या आश्रयगृहात काम करते, ती मात्र गप्प होती. 2025 मध्ये कारण कळलं. 1 जुलैला हवं असलेलं बजेट 12 नोव्हेंबरला सही झालं. मधले चार महिने संस्थेने कर्ज काढून भागवलं. मार खाऊन आलेल्या बाईला "बजेट व्हायचंय, थांबा" असं सांगता येत नाही.

ब्रुकलिन पार्क, मिनेसोटा

लिहायला जड जातंय, पण लिहिते.

2024 च्या निकालात आमच्या राज्याच्या प्रतिनिधिगृहात 67–67 अशी बरोबरी झाली. त्या आठवड्यात घरात दिवाळीचा फराळ शिल्लक होता, म्हणून दोन शेजाऱ्यांना बोलावलं. समोरचा रिपब्लिकन, तर बाजूची नर्स डीएफएलची, म्हणजे इथल्या डेमोक्रॅट्सची. तो म्हणाला, "आता दोघांना बोलावंच लागेल." ती म्हणाली, "आता दोघांना अडवता येईल." जानेवारीत तिचं खरं झालं. एका जागेच्या वादातून डीएफएलचे आमदार काही आठवडे सभागृहात गेलेच नाहीत.

जूनमध्ये बजेट झालं नसतं तर 1 जुलैला राज्याचं कामकाज थांबलं असतं. कागदपत्रं नसलेल्या प्रौढ स्थलांतरितांना मिनेसोटाकेअर या आरोग्य योजनेतून काढायचं, ही रिपब्लिकनांची अट होती. 9 जूनला त्या अटीचं विधेयक प्रतिनिधिगृहात 68 विरुद्ध 65 मतांनी पास झालं. तिथे डीएफएलमधून बाजूने पडलेलं एकमेव मत त्यांच्याच नेत्या मेलिसा हॉर्टमन यांचं, आमच्या गावच्या आमदार. त्याबद्दल बोलताना त्यांना रडू आवरलं नाही. नर्स शेजारीण धुमसत होती, तिच्या रुग्णांचा प्रश्न होता. समोरचा म्हणाला, "शब्द दिला होता, तो पाळला."

शनिवारी, 14 जूनला पहाटे, हॉर्टमन आणि त्यांचे पती मार्क यांची राहत्या घरी हत्या झाली. मारेकरी पोलिसाच्या वेशात आला होता. घराबाहेर पडू नका, असा इशारा सकाळी आमच्या फोनवर आला.

नंतर आम्ही तिघं पुन्हा बसलो. शेजारीण म्हणाली, "ते मत मला आजही चूक वाटतं. पण आपल्याच माणसांचा राग अंगावर घेऊन मत द्यायला काळीज लागतं." समोरचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आमच्यातल्याही कोणीतरी असं एक मत द्यायला हवं होतं." विभागलेलं सरकार कसं चालतं असं कोणी विचारलं, तर मी हेच सांगते.

नोव्हाय, मिशिगन

वरचं वाचून थोडा वेळ काही सुचलं नाही. आमचा अनुभव साधा आहे, तरी लिहितो.

2022 मध्ये गव्हर्नर व्हिटमर पुन्हा निवडून आल्या आणि दोन्ही सभागृहं डेमोक्रॅट्सकडे गेली, जवळपास 40 वर्षांत पहिल्यांदाच. त्याच निवडणुकीत बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार डेट्रॉइटमधून काँग्रेसवर गेले, म्हणून आम्ही पेढे वाटले. शेजारच्या निवृत्त कारखाना कामगारांनी पेढा घेतला, पण चेहरा काळजीचा. "सगळं एकाकडेच? मग हिशेब कोण मागणार?" आणि यांनी स्वतः मत व्हिटमरनाच दिलं होतं!

2024 मध्ये राज्याचं प्रतिनिधिगृह रिपब्लिकनांकडे गेलं तेव्हा ते खूश झाले. पुढच्या वर्षीचं बजेट कायद्याने 1 जुलैपर्यंत व्हायला हवं होतं, ते ऑक्टोबरात झालं. किती पैसे येणार हे कळायच्या आतच शाळा सुरू झाल्या. "उशीर चालेल, पण प्रत्येक डॉलरवर बोलणं झालं," असं त्यांचं मत. त्यांची सून शाळेत शिकवते, तिला हे अजिबात मान्य नाही. येत्या नोव्हेंबरात गव्हर्नर आणि दोन्ही सभागृहं, सगळ्याच जागांची निवडणूक आहे. दोघंही मतदानाला एकाच गाडीतून जातात.